ग्रामीण नळ पाणीपुरवठा योजना (महाराष्ट्र)

गावाला व त्याच्या वाड्यावस्त्यांना पिण्याचे पाणी नळाने पुरवणारी सार्वजनिक व्यवस्था. साधारणपणे ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते आणि गावातलीच माणसे ती चालवतात. एकाच धरणावरून अनेक गावांना पाणी देणारी प्रादेशिक योजना हा वेगळा प्रकार.

नळ येण्याआधी विहीर, आड, बारव, नाहीतर नदीपात्रातला झिरा हाच गावचा पाणवठा असे. तो गावाचा म्हणवला जाई, पण साऱ्या गावाला खुला नसे. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, तरीही महाडच्या चवदार तळ्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्यामुळे पाइपलाइन कुठल्या वस्तीपर्यंत जाते आणि शेवटच्या नळाला किती दाबाने पाणी येते, हे प्रश्न केवळ अभियांत्रिकीचे मानणे चूक ठरेल.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी आणि हातपंप वाढले. गावोगाव दिसणाऱ्या इंडिया मार्क-२ या हातपंपाचे मूळ जालना व सोलापूर येथे मिशनऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. पुढे जलस्वराज्य प्रकल्पात लोकवर्गणीवर भर आला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. या हिशेबाने दीड हजार वस्तीच्या गावाला रोज ८२,५०० लिटर पाणी लागते.

योजनेचे भवितव्य ठरते ते उद्भवावर, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोतावर. नदीकाठी किंवा पाझर तलावाखाली विहीर घेतात, मोटरने पाणी उंच टाकीत चढवतात आणि तिथून ते उताराने गावात सोडतात. सह्याद्रीत झरा वस्तीच्या वर असला तर मोटरच लागत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट, तर यवतमाळच्या काही भागांत त्यात फ्लोराइड. तिथे गावातच उद्भव शोधून भागत नाही. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने निर्बंध घातला. प्रत्यक्षात बागायतीसाठी आसपास खोल बोअर पडत राहतात, उन्हाळ्यात उद्भव आटतो आणि टाकी, मोटर, पाइप सारे जागेवर असताना गाव टँकरवर येते.

पाणी निर्धोक राखण्याचे रोजचे काम जलसुरक्षकाचे, म्हणजे ग्रामपंचायतीने त्यासाठी नेमलेल्या माणसाचे. टीसीएल, म्हणजे क्लोरीन असलेली जंतुनाशक ब्लीचिंग पावडर, तो प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवतो, चुना तळाशी बसू देतो आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओततो. निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचे. त्यानंतर ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी: नळाच्या पाण्यात या द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. ही चाचणी टाकीजवळच्या नव्हे, शेवटच्या घराच्या नळावर करायला हवी, कारण वाटेत गटाराजवळ पाइप फुटलेला असेल तर क्लोरीन तिथेच संपतो. हवा लागलेल्या पोत्यातल्या पावडरीचा जोर जातो, हेही अनेकदा लक्षात घेतले जात नाही. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. लाल म्हणजे तीव्र जोखीम.

खर्चात मोठा वाटा वीजबिलाचा. पाणीपट्टीची वसुली थकली की बिल थकते, वीज तोडली जाते आणि पट्टी वेळेवर भरणाऱ्यांचेही पाणी बंद होते. मग पाणी येत नाही म्हणून पट्टी भरत नाही, असे लोक म्हणू लागतात. योजना मंजूर करताना बांधकामाचा निधी बारकाईने मोजला जातो; मोटर दुरुस्ती, पावडर, पाणी सोडणाऱ्याचे मानधन यांचा वर्षाचा हिशेबही त्याच वेळी ग्रामसभेपुढे मांडायला हवा.