पॅराग्राफ स्टाइल की कॅरेक्टर स्टाइल?

वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्ये प्रबंध लिहिणारे बरेच जण स्टाइल (म्हणजे मजकुराचं रूप एका नावाखाली ठरवून ठेवायची सोय) वापरू लागतात, पण पॅराग्राफ आणि कॅरेक्टर या तिच्या दोन प्रकारांत त्यांची गल्लत होते. होणारच, कारण फॉन्ट, आकार, रंग दोन्हींत ठरवता येतात.

पॅराग्राफ स्टाइल एका एंटरपासून पुढच्या एंटरपर्यंत, अख्ख्या परिच्छेदाला लागते. ओळींमधलं अंतर, कडेची मोकळी जागा, शीर्षक पानाच्या तळाशी एकटं न सोडणं, हे सगळं तिच्याकडे. अनुक्रमणिका आपोआप तयार होते तीही शीर्षकांच्या पॅराग्राफ स्टाइलवरून. कॅरेक्टर स्टाइल यातलं काहीच करत नाही. ती निवडलेल्या शब्दांपुरतीच.

मग ती हवी कशाला, ठळक-तिरपं करायची बटणं आहेतच की! समजा, प्रबंधातली सगळी ग्रंथनामं तुम्ही तिरपी केलीत आणि मार्गदर्शक म्हणाले, ठळक करा. (माझंही मत तेच. देवनागरी तिरपी केली की वाचायला त्रास होतो.) बटणाने केली असतील तर एकेक शोधत बसावं लागतं, कारण जोर देण्यासाठी तिरपे केलेले शब्दही त्यांत मिसळलेले असतात. ‘ग्रंथनाम’ नावाची कॅरेक्टर स्टाइल असेल तर एका जागी बदललं की झालं. तिच्यात आकार मात्र ठरवू नका. जे ठरवलेलं नसतं ते ती परिच्छेदाकडून घेते, म्हणून तेच नाव शीर्षकात मोठं आणि तळटिपेत लहान, असं आपसूक जुळतं.

वर्डमध्ये लिंक्ड स्टाइल हा आणखी एक प्रकार आहे आणि खरा घोळ तो घालतो. ‘हेडिंग १’ याच जातीची. कर्सर नुसता ओळीत असेल तर ती पूर्ण परिच्छेदाला लागते. दोन शब्द निवडलेले असतील तर तेवढ्यांनाच, म्हणजे कॅरेक्टर स्टाइलसारखी. अर्धंच शीर्षक मोठं झालं, या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. विंडोजवरच्या वर्डमध्ये स्टाइल्सच्या पट्टीत खाली ‘डिसेबल लिंक्ड स्टाइल्स’ आहे, तिथे खूण करा. रायटरमध्ये एकच शब्द निवडलेला असला तरी पॅराग्राफ स्टाइल पूर्ण परिच्छेदालाच लागते. मला ती पद्धत जास्त सरळ वाटते.

स्टाइल कोणतीही असो, मराठीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या भागात ठरवावा लागतो: वर्डमध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’, रायटरमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’. तो भाग तसाच ठेवला तर रोमन अक्षरं बदलतात, देवनागरी जागची हलत नाही.