बॅकलॅश: दात्यांच्या फटीतून आलेला शब्द

एखादी जाहिरात दहावीस जणांना खटकली की मथळा तयार असतो: 'कंपनीविरोधात सोशल मीडियावर बॅकलॅश'. इंग्रजी वर्तमानपत्रांची ही सवय आता मराठी पोर्टलांनीही उचलली आहे. टीका असो, निषेध असो, नुसतं ट्रोलिंग असो, सगळ्यांना एकच शब्द. मुळात बॅकलॅश हा एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रशाळेतला शब्द.

दोन गिअर जुळवताना दाते एकमेकांत अगदी घट्ट बसवत नाहीत, बारीकशी फट ठेवतात. ती ठेवावीच लागते. तेल शिरायला जागा हवी, शिवाय धातू तापून फुगला की बिनफटीचे दाते जाम होतात. चाक एकाच दिशेने फिरतंय तोवर फट जाणवतही नाही, कारण दात्याची एक बाजू सतत टेकलेली असते. दिशा उलटली की दाता मोकळी जागा ओलांडून पलीकडच्या दात्यावर आदळतो. ही फट आणि हा उलटा धक्का, दोन्ही म्हणजे बॅकलॅश.

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत टूलने कापणाऱ्या यंत्रावर, हे हाताला कळतं. टूल पुढेमागे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या स्क्रू आणि नटमध्ये समजा 0.2 मिमी फट आहे आणि डायलचा एक भाग 0.02 मिमीचा आहे. टूल जास्त पुढे गेलं म्हणून हँडल उलटं फिरवलं, तर डायल दहा भाग मागे येतो आणि टूल जागचं हलत नाही. डायलवर विसंबून कट घेतला की जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडा, रिजेक्ट. म्हणून जाणता टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) टूल चांगलं मागे घेतो आणि पुन्हा पुढे आणत आकडा गाठतो. म्हणजे स्क्रू नटाच्या एकाच बाजूला टेकलेला राहतो. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनमध्ये बॉलस्क्रूला (नटात गोळ्या असलेल्या स्क्रूला) प्रीलोड, म्हणजे आधीच दाब, देऊन ही फट जवळजवळ नाहीशी करतात.

राजकारणात हा शब्द गाजला तो 1964 च्या अमेरिकेत. नागरी हक्क कायदा मंजुरीच्या वाटेवर होता. त्याच वेळी अलाबामाचे वंशभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी विस्कॉन्सिन, इंडियाना आणि मेरीलँडच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकांत अनेकांना चकित करणारी मतं घेतली. कृष्णवर्णीयांचे हक्क पुढे सरकत असताना गोऱ्या मतदारांनी दिलेल्या या उलट्या धक्क्याला 'व्हाइट बॅकलॅश' म्हणू लागले. इथे शब्द चपखल बसतो, कारण आधी काहीतरी एका दिशेने चाललेलं होतं. पहिल्या दिवसापासून कुणालाच नको असलेल्या करावर लोक उसळले, तर त्याला इंग्रजीत 'आउटक्राय' (जाहीर आरडाओरड) शोभतो. आजच्या इंग्रजीत ही सीमा सैल झाली आहे, हे खरं. पण चार संतप्त पोस्टना बॅकलॅश म्हणणं ही निव्वळ क्लिकसाठी केलेली फुगवाफुगवी आहे, आणि ती मराठीत आणायची काही गरज नाही.