दावा सिद्ध झाला, खटला मात्र हरला

१ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार, नाफ्टा, लागू झाला, तेव्हा कामगारांचा विषय मूळ करारात नव्हताच. विरोध शमवण्यासाठी क्लिंटन सरकारने एक जोडकरार केला. त्यात तत्त्वं ११, पण दंडापर्यंत नेता येतील अशी तीनच: बालमजुरी, किमान वेतन आणि कामाच्या जागची सुरक्षितता. युनियन काढली म्हणून कुणाला घरी बसवलं, तर मंत्र्यांनी चर्चा करायची. बस्स.

२००० च्या अमेरिका-जॉर्डन करारात कामगारांचं कलम मूळ मजकुरात आलं. पण खरी कसोटी लागली ती ग्वाटेमालात, अमेरिकेने मध्य अमेरिकी देशांशी केलेल्या व्यापार करारात. युनियनमुळे कामावरून काढलेल्यांना परत घ्या, असे तिथल्या न्यायालयांचे आदेश होते; मालक ते पाळत नव्हते आणि सरकार पाळायला लावत नव्हतं. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकी आणि ग्वाटेमालाच्या कामगार संघटनांनी अमेरिकी सरकारकडे तक्रार केली आणि पुढे अमेरिकेने ग्वाटेमालाला लवादापुढे नेलं. निकाल लागला जून २०१७ मध्ये. आठ ठिकाणी, ७४ कामगारांच्या बाबतीत सरकारने कायदा राबवला नाही, हे लवादाने मान्य केलं. तरीही अमेरिका हरली! कारण करारात अट होती की हे सातत्याने आणि ‘व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने’ घडलेलं असावं. नोकरी गेली हे पुरेसं नव्हतं. त्यातून निर्यातीत मालकाचं काय साधलं, तेही दाखवायचं होतं.

नाफ्टाच्या जागी १ जुलै २०२० पासून आलेल्या करारात हे ओझं उलटं केलं: परिणाम झालाच असं धरायचं, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. शिवाय देशाऐवजी थेट एकेका कारखान्याला धरणारी जलद यंत्रणा आली. (अमेरिकेतल्या कारखान्यांना ती फार क्वचित लागू पडते, हेही खरं.)

तिचा पहिला प्रयोग मेक्सिकोतल्या सिलाओ इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यावर झाला. एप्रिल २०२१ मध्ये जुन्या युनियनने केलेला वेतनकरार ठेवायचा की नाही, यावर कामगारांचं मतदान सुरू होतं; तपासणीत काही मतपत्रिका नष्ट केलेल्या आढळल्या. मे महिन्यात अमेरिकेने यंत्रणा वापरली. ऑगस्टमधल्या फेरमतदानात ३,२१४ जणांनी तो करार नाकारला, २,६२३ जणांनी ठेवा म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी स्वतंत्र युनियन निवडून आली आणि त्याच वर्षी ८.५ टक्के पगारवाढ मिळाली. ग्वाटेमालाची नऊ वर्षं आठवली की हा वेग डोळ्यांत भरतो.

भारताला हा सगळा प्रकार आडवाटेने आणलेला संरक्षणवाद वाटत आला. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत कामगार कलम जागतिक व्यापार संघटनेबाहेर ठेवण्यात आपणही पुढे होतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात मात्र कामगारांचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यावरून वाद झाला, तर तो करारातल्या तंटा-निवारणाकडे नेता येत नाही.