ट्रक अंगावर का येतो? : पार्श्वभूमी

सावदा-रावेर रस्त्यावर समोरून केळीचा ट्रक येतो. बराच वेळ तो जागीच उभा असल्यासारखा वाटतो आणि मग एकदम अंगावर येतो. दरवेळी चूक बेसावध चालकाचीच असते असे नाही. लांबच्या वस्तूचे अंतर डोळ्याला नीट जोखता येत नाही. ती किती भराभर मोठी होतेय, यावरच तो अंदाज बांधतो.

१९६२ मध्ये शिफ, कॅव्हिनेस आणि गिब्सन या संशोधकांनी रीसस माकडांसमोर पडद्यावर नुसती सावली झपाट्याने मोठी केली. माकडे दचकून मागे पळाली. सावली आकसत नेली तेव्हा ती तशी घाबरली नाहीत. येणारी वस्तू नव्हतीच. फक्त फुगणे होते.

   

रस्त्यासाठी मोलाचा ठरला तो मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांचा १९७६ चा हिशेब. वस्तूने डोळ्यात व्यापलेल्या कोनाला तो कोन वाढण्याच्या वेगाने भागा; वेग कायम असेल तर टक्कर व्हायला उरलेला वेळ मिळतो. अंतर वेगळे माहीत असावे लागत नाही.

गोम अशी की कोन सेकंदाला साधारण ०.००३ रेडियनपेक्षा (रेडियन हे कोनाचे माप; म्हणजे एका अंशाच्या सहाव्या भागापेक्षा) हळू वाढत असेल, तर वस्तू जवळ येतेय हेच कळत नाही. समजा, दोन्ही वाहने ताशी ७२ किलोमीटरने समोरासमोर येताहेत. अडीच मीटर रुंद ट्रकचे येणे सुमारे १८० मीटरवर जाणवते. हाताशी साडेचार सेकंद राहतात. पाऊण मीटर रुंद मोटरसायकलचे जाणवते १०० मीटरवर, म्हणजे अडीच सेकंद आधी. तेवढ्यात ओव्हरटेक पुरा होत नाही.

रुळांवर वेगळीच फसगत होते. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा संथ भासते, असे मानसशास्त्रज्ञ लिबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात मांडले. भुसावळकडे रूळ ओलांडताना ‘गाडी अजून लांब आहे’ हा अंदाज म्हणूनच घातक.

रात्री तर वाहनाच्या कडाही दिसत नाहीत. दोन दिव्यांमधली फट रुंदावते, तेवढाच आधार. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर समोरून आला की ती फटच नसते. तो मोटरसायकल वाटतो, आणि मागे कापसाने फुगलेली ट्रॉली अर्धा रस्ता व्यापून येत असते.