सिकलसेल : कारण १९४९ मध्ये कळले, उपचाराला इतका काळ का लागला?

८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिकलसेल या लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावरील दोन जनुकोपचारांना एकाच दिवशी मान्यता दिली. त्यांतील कासजेव्ही हा क्रिस्पर, म्हणजे डीएनएला ठरावीक जागी छेद देण्याच्या तंत्रावर आधारलेला उपचार असून ब्रिटनने त्याला सुमारे तीन आठवडे आधीच परवानगी दिली होती. या घटनेबद्दल लिहिताना ‘सदोष जनुक दुरुस्त केले’ असे अनेकदा म्हटले जाते. पण ते बरोबर नाही. कासजेव्ही सदोष जनुकाला हात लावत नाही. रुग्णाच्या मूलपेशींमधील एका वेगळ्याच जनुकाच्या नियंत्रक भागावर तो छेद देतो आणि सदोष जनुक आहे तिथेच, आहे तसेच राहते. दोष नेमका कुठे आहे हे साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक असताना उपचार मात्र दुसऱ्याच ठिकाणी का करावा लागला, हे या आजाराच्या संशोधनाचा इतिहास पाहिल्याशिवाय समजत नाही.

वैद्यकीय वाङ्मयात या आजाराची पहिली सविस्तर नोंद १९१० मधली आहे. शिकागोतील डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी दिसल्याचे नोंदवले. त्या पेशी त्यांचे सहायक अर्नेस्ट आयर्न्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिल्या होत्या. हा स्वतंत्र आजार आहे की दुसऱ्या एखाद्या आजाराचा परिणाम, हे हेरिक यांना ठरवता आले नाही. ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव १९२२ मध्ये रूढ झाले आणि १९२७ मध्ये हान व गिलेस्पी यांनी प्रयोगाने दाखवले की ऑक्सिजन काढून घेतला की या पेशी वाकतात आणि तो परत दिला की बहुतांश पूर्ववत होतात. हे निरीक्षण फार मोलाचे होते, कारण दोषाचा संबंध ऑक्सिजन वाहणाऱ्या पदार्थाशी, म्हणजे हिमोग्लोबिनशी असावा, हे त्यातच सूचित होते. पण तो धागा पुढे नेणारे कोणी जवळजवळ दोन दशके मिळाले नाही.

१९४५ मध्ये हार्वर्डचे रक्तविकारतज्ज्ञ विल्यम कॅसल यांच्याशी झालेल्या संभाषणात रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी या आजाराविषयी ऐकले. ऑक्सिजन नसतानाच पेशी वाकत असतील तर दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी बांधला. तो तपासण्याचे कष्टाचे काम हार्वे इटानो यांनी केले. विद्युतक्षेत्रात ठेवलेले प्रथिनांचे रेणू आपापल्या विद्युतभारानुसार वेगवेगळ्या गतीने सरकतात, या तत्त्वावरील इलेक्ट्रोफोरेसिस तंत्राने त्यांनी निरोगी व्यक्तींचे आणि रुग्णांचे हिमोग्लोबिन तुलनेला लावले. दोन्ही वेगळ्या गतीने सरकले. आजाराची लक्षणे नसलेल्या वाहकांच्या रक्तात मात्र दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन मिसळलेले आढळले. पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा हा निबंध नोव्हेंबर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटले होते. त्याच वर्षी जेम्स नील यांनी कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले की सदोष जनुकाची एक प्रत मिळाली तर व्यक्ती वाहक होते आणि आई-वडील दोघांकडून ती मिळाली तर आजार होतो. अवयवाच्या बिघाडात किंवा जंतूत कारण शोधणाऱ्या वैद्यकशास्त्राला एकाच रेणूत कारण सापडावे, ही त्या काळी मुळीच लहान गोष्ट नव्हती.

रेणूत नेमके काय बिघडले आहे, याचे उत्तर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दिले. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या मिळून ५७४ अमिनो आम्ले असतात. ती सगळी क्रमाने वाचणे त्या वेळी आवाक्याबाहेरचे होते. म्हणून इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) प्रथिनाचे लहान तुकडे केले आणि ते कागदावर एका दिशेने विद्युतभारानुसार व दुसऱ्या दिशेने विद्राव्यतेनुसार पसरवले. कागदावर उमटलेल्या ठिपक्यांपैकी फक्त एकाची जागा बदललेली होती. त्या एका तुकड्याचे पृथक्करण करून त्यांनी १९५७ मध्ये जाहीर केले की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले आहे, बाकी फरक नाही. ही जागा बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहावी आहे. जनुकातील बदलाने प्रथिनातील एकच घटक बदलू शकतो, याचा हा पहिला थेट पुरावा होता. पुढे डीएनए वाचता येऊ लागल्यावर, अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात एका अक्षराच्या जागी दुसरे आल्याने हे घडते, असे दिसून आले.

दरम्यान हा आजार फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, ही समजूतही मोडली. १९५२ मध्ये हर्मन लेमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीतील आदिवासी समूहांत सिकलसेलचे वाहक आढळले, तर १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवले की वाहकांना मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. मलेरियाचा दीर्घ इतिहास असलेल्या प्रदेशांत हे जनुक का टिकून राहिले, याचा उलगडा त्यातून झाला.

यातले बहुतेक सगळे १९६० च्या आधी कळले होते. तरीही पुढची जवळजवळ चार दशके रुग्णाच्या हातात रोगाची गती बदलणारे एकही औषध नव्हते. रेणू समजला की औषध आपोआप सुचेल, ही अपेक्षा इथे फोल ठरली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युरिया देऊन हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटणे थांबवण्याचा प्रयत्न झाला. चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. नंतर सायनेट वापरून पाहिले गेले. ते प्रयोगनळीत पेशी वाकू देत नसे, पण रुग्णांच्या मज्जातंतूंना इजा करत असे. अडचण मुळातच मोठी होती. लाल पेशीत हिमोग्लोबिन इतके ठासून भरलेले असते की त्याच्या मोठ्या हिश्शाला आवर घालायचा तर औषधही तितक्याच प्रमाणात शरीरात घालावे लागते. शिवाय जनुकच बदलायचे, तर त्यासाठी लागणारे साधन तेव्हा अस्तित्वात नव्हते.

या काळात सर्वांत जास्त जीव वाचवले ते एका जुन्या प्रतिजैविकाने. सिकलसेलमध्ये प्लीहा लहान वयातच निकामी होत जाते आणि त्यामुळे बालकांना न्यूमोकोकस जंतूंचा प्राणघातक संसर्ग होतो. रोज पेनिसिलिन दिल्यास हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाले आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. मात्र औषध वेळेत सुरू करायचे तर नवजात बालकाचे निदान आधी व्हायला हवे, आणि ते निदान हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे ओळखणाऱ्या तपासणीनेच होते. १९४९ च्या शोधाचा रुग्णांना पहिला व्यापक लाभ झाला तो असा, निदानाच्या वाटेने.

खऱ्या उपचाराचे बीज मात्र पॉलिंग यांच्या निबंधाच्याही एक वर्ष आधी पेरले गेले होते, आणि या इतिहासात त्याला मिळायला हवे तितके स्थान मिळत नाही, असे मला वाटते. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले की सिकलसेल असलेल्या नवजात बालकांच्या रक्तात वाकलेल्या पेशी फार कमी असतात आणि पहिल्या काही महिन्यांत त्यांना त्रासही होत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अजून रक्तात असल्यामुळे हे संरक्षण मिळत असावे, असे त्यांनी सुचवले. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर तिचे उत्पादन ओसरते आणि बीटा साखळी तिची जागा घेते. पुढे पूर्व सौदी अरेबियातील काही रुग्णांत मोठेपणीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ आढळले आणि त्यांचा आजार सौम्य होता.

यामागची यंत्रणा १९७० च्या दशकात विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांच्या मोजमापांतून स्पष्ट झाली. ऑक्सिजन सोडलेल्या सिकल हिमोग्लोबिनमध्ये ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या एका खोबणीत बसते आणि रेणूला रेणू जोडून पेशीला वाकवणारे कडक तंतू तयार होतात. परंतु तंतू बनण्याआधी काही काळ जातो, आणि हा विलंब सिकल हिमोग्लोबिनच्या संहतीवर, म्हणजे ते पेशीत किती दाट आहे यावर, विलक्षण अवलंबून असतो : संहती काही टक्क्यांनी उतरली तरी विलंब कित्येक पटींनी वाढतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून फुप्फुसाकडे परतेपर्यंत पेशीला पुरेसा वेळ मिळाला, तर ती वाकतच नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तंतूंत सामील होत नाही, म्हणून त्याचे थोडे वाढलेले प्रमाणही उपयोगी पडते. सगळे सिकल हिमोग्लोबिन हटवण्याची गरज नाही, हे यातून कळले आणि औषधशोधाची दिशाच बदलली.

हायड्रॉक्सियुरिया हे १८६९ मध्ये प्रथम बनवलेले आणि पुढे रक्ताच्या कर्करोगासाठी वापरले गेलेले संयुग गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते, असे १९८४ मध्ये रुग्णांत दिसले. २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले : तीव्र वेदनांच्या वार्षिक झटक्यांचा मध्यक निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत ४.५, तर हे औषध घेणाऱ्यांत २.५ होता. १९९८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे कारण कळल्यापासून पहिले औषध मिळेपर्यंत ४९ वर्षे गेली होती.

जन्मानंतर गॅमा साखळी बंद कोण करते, हा प्रश्न उरला होता. मोठ्या लोकसमूहांच्या जनुकीय अभ्यासांतून बीसीएल११ए या जनुकाकडे बोट दाखवले गेले आणि २००८ मध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन व सहकाऱ्यांनी ते गॅमा साखळीला रोखते हे सिद्ध केले. पण हे जनुक रोगप्रतिकारक पेशींना आणि मेंदूच्या वाढीलाही लागते, त्यामुळे ते सरसकट बंद करणे धोक्याचे होते. २०१३ मध्ये ऑर्किन यांच्याच प्रयोगशाळेतून त्याचा असा नियंत्रक भाग उजेडात आला, जो लाल पेशींच्या कुळातच काम करतो. कासजेव्ही छेद देतो तो इथे. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, त्यांत हा छेद देऊन त्या परत सोडल्या की नव्या लाल पेशी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागतात. मान्यतेसाठी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने एकही तीव्र झटका आला नाही.

या उपचाराआधी बुसल्फान हे रसायनोपचाराचे (केमोथेरपीचे) औषध देऊन रुग्णाची मूळ अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, ज्यामुळे वंध्यत्वाचा धोका असतो. आणि अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. बहुसंख्य रुग्ण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्माला येतात, जिथे नवजात बालकांची तपासणीही अनेक ठिकाणी होत नाही. अंगोला, काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक, केनिया आणि युगांडा येथील बालकांवर झालेल्या चाचणीत हायड्रॉक्सियुरियाने झटक्यांबरोबरच मृत्यूही कमी केले. त्यामुळे सध्या प्रयत्न दोन बाजूंनी चालले आहेत : हे जुने औषध मुलांपर्यंत पोहोचवण्याचे, आणि अस्थिमज्जा रिकामी न करता बीसीएल११एचा प्रभाव कमी करता येईल अशी गोळी किंवा इंजेक्शन शोधण्याचे.