94 व्या वर्षी बॅटिंगला उतरलेला बक ओ'नील

18 जुलै 2006, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. नॉर्दर्न लीग नावाच्या छोट्या मायनर लीगची ऑल-स्टार मॅच आणि पहिला बॅटर 94 वर्षांचा, बक ओ'नील. पिचरने मुद्दाम चार बॉल लांब टाकले, बेसबॉलमध्ये असं झालं की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. आजोबा बेसवर पोचले, त्यांच्या जागी पळायला दुसरा आला, आणि इनिंग संपल्यावर अनाउन्समेंट झाली की ओ'नील आता समोरच्या टीमकडून खेळणार, मग परत तेच पहिले बॅटिंगला आणि परत वॉक.

त्या मॅचचा व्हिडिओ बघणाऱ्याला वाटतं म्हाताऱ्या माणसाचा सत्कार चाललाय. पण हा माणूस विशी-तिशीत होता तेव्हा मेजर लीग (बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) तर सोडाच, मायनर लीगमध्येही काळ्या खेळाडूंना घेत नव्हते. कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण 1880 च्या दशकापासून सगळे मालक तो पाळत आले होते. ही बंदी मोडणाऱ्या काळ्या खेळाडूला, जॅकी रॉबिन्सनला, 1946 मध्ये माँट्रियलच्या मायनर टीमने खेळवलं तेव्हा ओ'नील नुकतेच नेव्हीतून परतले होते, वय 34.

जन्म 1911, फ्लोरिडा. लहानपणी सारासोटा गावात सेलरी या भाजीच्या शेतात मजुरी केली, उन्हातान्हात खोकी उचलायची. गावातलं हायस्कूल फक्त गोऱ्या मुलांसाठी, त्यामुळे शिकायला जॅक्सनव्हिलला जावं लागलं. (त्याच सारासोटा हायस्कूलने त्यांना 1995 मध्ये डिप्लोमा दिला, 83 व्या वर्षी!) 1938 मध्ये काळ्या खेळाडूंच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स टीममध्ये आले, फर्स्ट बेस सांभाळला, पुढे 1948 पासून मॅनेजर. मग शिकागो कब्स या मेजर लीग टीमसाठी स्काउट म्हणून गावोगाव फिरून पोरं शोधली आणि 1962 मध्ये मेजर लीगचे पहिले काळे कोच झाले, तरी मॅच चालू असताना मैदानात उभं राहून कोचिंग करायला त्यांना दिलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग होत्या, त्यांना निग्रो लीग म्हणत, त्यांचा इतिहास जवळजवळ पुसला गेला होता, रेकॉर्ड धड नाहीत, खेळाडू एकेक करून जात होते. ज्या शहरात 1920 मध्ये पहिली निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली, त्याच कॅन्सस सिटीत 1990 मध्ये या लीगचं म्युझियम सुरू झालं, एका खोलीत, आणि ओ'नील आणि बाकीचे आळीपाळीने भाडं भरायचे. पुढची सोळा वर्षं ते ऐकणारा मिळेल तिथे त्या खेळाडूंबद्दल बोलत राहिले, कोण किती जोरात टाकायचा, कोण किती जोरात पळायचा. इतकी वर्षं जगले म्हणून हे सांगायला कोणीतरी उरलं, मला तरी असंच वाटतं.

फेब्रुवारी 2006 मध्ये हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या महान लोकांचा सन्मान करणारी संस्था, कूपर्सटाउन गावात) खास कमिटीने निग्रो लीग आणि त्याआधीच्या काळातली 17 नावं निवडली, त्यात ओ'नील नव्हते. त्या 17 पैकी एकही जण हयात नव्हता, आणि जुलैच्या शेवटी कूपर्सटाउनला त्यांच्या वतीने बोलायला उभे राहिले ते ओ'नीलच. तक्रारीचा एक शब्द नाही, शेवटी सगळ्यांना शेजारच्याचा हात धरायला लावला आणि गाणं म्हणवून घेतलं. मायनर लीगमधल्या त्या दोन वॉकना तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. 6 ऑक्टोबरला ते गेले. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं स्वतःचं नाव लागलं 2022 मध्ये.