‘१ रुपयात कोणाचंही पोलीस रेकॉर्ड’ : कापलेले पैसे परत मागताना अर्ज कुठे अडतो

सोयरीक जुळवायची तर मुलाची चौकशी, जळगावात खोली भाड्याने द्यायची तर भाडेकरूची, केळीच्या गाडीवर नवा ड्रायव्हर ठेवायचा तर त्याची. ही चौकशी पूर्वी पारावर आणि नात्यागोत्यात व्हायची. आता मोबाइलवर जाहिरात येते : नाव टाका, १ रुपया भरा, पोलीस रेकॉर्ड बघा. नाव टाकलं की चक्र फिरतं, ‘गुन्हे आढळले’ असं लाल अक्षरात येतं आणि अहवाल उघडायला पैसे मागितले जातात. अहवालात निघतो त्याच आडनावाचा कुणी तिसराच. पुढच्या महिन्यापासून खात्यातून दरमहा रक्कम कापली जाते ती वेगळीच.

‘मना पैसा परत भेटतीन का?’ धुळे, नंदुरबार, जळगाव, तिन्हीकडचे लोक हेच विचारतात. भेटू शकतात. कायदा आपल्या बाजूने आहे, पण अर्ज कागदपत्रांवर अडतो, आणि बहुतेक वेळा त्याच त्या दोन-तीन कागदांवर.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सीसीटीएनएस ही गुन्ह्यांच्या नोंदींची पोलिसांची अंतर्गत संगणक यंत्रणा आहे, खासगी ॲपला त्यात डोकावता येत नाही. परदेशी साइटींची माहिती तर त्यांच्या देशातल्या नोंदींची असते. शहाद्याचा किंवा पारोळ्याचा माणूस त्यात सापडणार कसा? अमेरिकेतही हाच प्रकार झाला आहे. तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ट्रूथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या दोन साइटींवर कारवाई केली. साधा वाहतुकीचा दंड असला तरी गुन्हेगारी नोंद असल्याचं ग्राहकांना भासवलं जातं, हा त्यातला एक आरोप होता. प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटलं. म्हणून ‘मीच मूर्ख ठरलो’ असं म्हणून गप्प बसू नका.

पैसे कापल्याचा मेसेज आला की पहिलं काम ऑटोपे, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची सोय, बंद करणं. ॲप मोबाइलमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं समजणारे फार आहेत. ती बंद होत नाही. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेट (तुम्ही दिलेली परवानगी) रद्द करा, कार्ड असेल तर बँकेतून. गुगल प्लेवरून घेतलं असेल तर पहिल्या ४८ तासांत परतावा तिथेच मागता येतो. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. फोनवर बोलू नका, लेखीच पाठवा. उत्तर आलं नाही तर तेही पुरावाच आहे.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. पण इथेच लोकांची मुदतही बुडते. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नाही, तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे आणि हेल्पलाइनवर तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. ‘१९१५ चा नंबर मिळालाय, आता वाट बघू’ म्हणत वर्ष-दीड वर्ष घालवलेला माणूस बघितला की जीव तुटतो. महिनाभर वाट बघा, मग पुढे निघा.

जिल्हा ग्राहक आयोग जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आहे. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. वकील सक्तीचा नाही. सोबत आधार, बँक स्टेटमेंट, ईमेलच्या प्रती आणि प्रतिज्ञापत्र. एवढं कुठल्याही टायपिंगवाल्याकडे होऊन जातं.

अडतं ते जाहिरातीवर. कापलेल्या रकमेचं स्टेटमेंट सगळ्यांकडे असतं, पण ज्या जाहिरातीने फसवलं ती कुणाकडेच नसते. महिन्याभरात ती गायब होते किंवा मजकूर बदलतो. फसल्याचं कळलं त्याच दिवशी जाहिरात, पैसे भरण्याचं पान आणि अटींचं पान यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. अटी इंग्रजीत आणि जाहिरात मराठीत असेल तर दोन्ही जोडा, कारण जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याची अस्वीकृतीही (डिस्क्लेमर, म्हणजे दाव्याला मर्यादा घालणारी सूचना) हवी, असं २०२२ च्या जाहिरात मार्गदर्शक सूचना सांगतात. वर्गणीतून बाहेर पडूच न देणं हा तर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला फसवणारी ॲप-साइटींची रचना) सूचनांत नाव घेऊन निषिद्ध केलेला प्रकार आहे. अर्जात हे दोन्ही उल्लेख करा.

स्क्रीनशॉटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, आणि ते कुणाकडेच नसतं. त्याचे दोन भाग. पहिल्यावर तुम्ही सही करता, दुसऱ्यावर तज्ज्ञ. चोपड्याच्या शेतकऱ्याने तज्ज्ञ कुठून आणायचा, हे ठरवणाऱ्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ग्राहक आयोग पुराव्याचा कायदा काटेकोर लावत नाही, पण समोरचा वकील आक्षेप घेतोच. म्हणून पहिला भाग न चुकता जोडा आणि मूळ मोबाइल जपून ठेवा. तो विकू नका, रीसेट करू नका.

पैसे भाच्याच्या खात्यातून भरले असतील तर त्याचंही प्रतिज्ञापत्र घ्या, नाहीतर ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असं ऐकावं लागतं. ड्रायव्हर तपासायला ॲप घेतलं असेल तर ‘व्यावसायिक हेतू’ म्हणून दावा उडू शकतो. गाडी तुम्ही स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवत असाल तर ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ हे शब्द अर्जात असलेच पाहिजेत. कायद्यात ही सवलत आहे, पण ती मागावी लागते.

विरुद्ध पक्ष म्हणून ॲपचं नाव लिहू नका. कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता लिहा, तो अटींच्या पानावर किंवा पावतीवर सापडतो. भारतात पत्ताच नसेल तर आयोगाचा आदेश हातात येऊनही वसुली जड जाते. तिथे बँकेत कार्डाचा व्यवहार वादग्रस्त म्हणून नोंदवणं हाच जवळचा रस्ता, आणि तो पहिल्या आठवड्यातच धरा.

इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधून परतावा मागायला जाऊ नका. स्क्रीन शेअर करा म्हणणारा माणूस उरलेलंही खातं रिकामं करतो. तसं झालंच तर ग्राहक आयोग बाजूला ठेवा आणि त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि चौकशीच करायची तर ॲपची गरज नाही : भाडेकरूची पडताळणी पोलीस ठाण्यात होते, आणि कोर्टातले खटले ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने फुकट शोधता येतात.